व्हेर्दी ऐकायला सुरुवात करताना: ऑपेरा आणि समूहगायनाचा टप्प्याटप्प्याने परिचय

ज्युसेप्पे व्हेर्दी या इटालियन संगीतकाराने २६ ऑपेरा लिहिले. त्यांपैकी दोन त्याने पुढे नव्या नावाने पुन्हा बांधले; ते वेगळे मोजले तर ही संख्या २८ होते. त्याशिवाय सुमारे दीड तासाचे एक ‘रेक्विएम’, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेची संगीतरचना, आहे, उतारवयातल्या चार धार्मिक रचना आहेत आणि काही सुट्या रचनाही आहेत. नवा श्रोता या पसाऱ्यासमोर उभा राहतो तेव्हा त्याला तेच ते प्रश्न पडतात: कोठून सुरुवात करावी, इटालियन येत नसताना शब्दांचे काय करावे, एका बैठकीत तीन तास ऐकावे काय, आणि सगळेच पात्र गाऊन बोलत असताना कथा कळावी तरी कशी. मीही या वाटेने स्वतःच्या धडपडीने गेले आहे, आणि त्या अनुभवातून पक्के झालेले मत आरंभीच सांगते. व्हेर्दीच्या संगीतात शिरण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत खरा दरवाजा म्हणजे त्याचे समूहगायन. समूहाच्या वाट्याला शब्द थोडे असतात, ते पुन्हा पुन्हा येतात, आणि चाल स्पष्ट असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकट्या माणसाचा आवाज आणि भोवतालच्या जमावाचा आवाज यांतला ताण ही व्हेर्दीच्या नाट्याची मुख्य शक्ती आहे. तो ताण कानाला ओळखू येऊ लागला की लांब प्रवेशही लांब वाटत नाहीत. पुढचे सर्व टप्पे त्याच सूत्राला धरून लावले आहेत.

हाताशी काय असावे

• ज्या रचनेला बसणार आहात तिचा लिब्रेटो, म्हणजे गायली जाणारी संपूर्ण संहिता; एका बाजूला इटालियन आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी भाषांतर असलेली प्रत सर्वांत सोयीची. व्हेर्दीच्या जुन्या संहिता आणि स्वरलेखने आता हक्कमुक्त असल्यामुळे आयएमएसएलपीसारख्या इंटरनेटवरील संग्रहांत विनामूल्य मिळतात.
• पात्रांची यादी, प्रत्येकापुढे त्याच्या आवाजाचा प्रकार लिहिलेली. ही यादी स्वतःच्या हाताने करावी. लिहिताना नाती डोक्यात बसतात.
• चांगला हेडफोन किंवा स्पीकर. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर खालचे स्वर आणि अतिमंद जागा ऐकूच येत नाहीत, आणि व्हेर्दीने पुष्कळ महत्त्वाचे तेथेच ठेवलेले आहे.
• सलग मोकळा वेळ. पूर्ण ऑपेरा एकदम ऐकण्याची गरज नाही, पण निदान एक अंक मध्ये न थांबता ऐकावा.

१. संगीतकाराची आणि काळाची जुजबी ओळख करून घ्या

सविस्तर चरित्र नंतर वाचता येईल. आरंभी एवढे पुरे. व्हेर्दीचा जन्म ऑक्टोबर १८१३ मध्ये पार्माजवळच्या बुसेतो गावालगत ले रोंकोले या वस्तीत एका खानावळवाल्याच्या घरी झाला. त्या वेळी तो प्रदेश नेपोलियनच्या फ्रान्सच्या अमलाखाली असल्यामुळे जन्मनोंदीत त्याचे नाव फ्रेंच पद्धतीने लिहिले गेले. १८३२ मध्ये मिलानच्या संगीत विद्यालयाने त्याला प्रवेश नाकारला, तेव्हा बुसेतोचे व्यापारी आंतोनियो बारेझी यांच्या आधाराने त्याने मिलानमध्येच खासगी शिक्षण घेतले. १८३८ ते १८४० या काळात त्याची दोन्ही मुले आणि पत्नी मार्गेरिता, अशी तीन माणसे गेली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८४२ मध्ये, ‘नाबुक्को’ने त्याला कीर्ती मिळवून दिली. तेथून १८९३ च्या ‘फाल्स्ताफ’पर्यंत, म्हणजे वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यापर्यंत, तो रंगभूमीसाठी लिहीत राहिला. २७ जानेवारी १९०१ रोजी मिलानमध्ये त्याचा मृत्यू झाला.

येथे एक सावधगिरी बाळगावी. इटलीच्या एकीकरणाचा काळ आणि व्हेर्दीचा उमेदीचा काळ एकच असल्यामुळे त्याच्या प्रत्येक कोरसात राष्ट्रगीत शोधण्याची सवय लागते. १८५९ च्या सुमारास त्याच्या नावाची अक्षरे राजा व्हित्तोरियो एमानुएलेच्या जयघोषाचे संक्षिप्त रूप म्हणून वापरली जात, आणि तो पुढे एकीकृत इटलीच्या पहिल्या संसदेचा सदस्यही झाला. तरीही त्याचे समूह नेहमी देशभक्त नसतात. ते दरबारी असतात, भिक्षू असतात, चेटकिणी असतात, मृत्यूला भ्यालेली साधी माणसे असतात.

२. आवाजांचे प्रकार ओळखायला शिका

स्त्रियांच्या आवाजात सोप्रानो वरचा आणि मेझो-सोप्रानो त्याखालचा. पुरुषांत टेनर वरचा, बॅरिटोन मधला आणि बास सर्वांत खालचा. व्हेर्दीकडे टेनर बहुधा प्रियकर असतो, सोप्रानो नायिका, आणि राजे व धर्मगुरू बासमध्ये बोलतात. मात्र त्याचा स्वतःचा खरा शोध बॅरिटोनमध्ये आहे. ‘रिगोलेत्तो’मधला विदूषक, ‘ला त्राव्हियाता’मधला जेर्मों, ‘आईदा’मधला आमोनास्रो, हे सगळे बॅरिटोन आणि सगळे बाप. बाप आणि मुलांचे प्रवेश व्हेर्दीने ज्या जिव्हाळ्याने लिहिले तसे त्याने प्रेमिकांचेही क्वचितच लिहिले, असे माझे मत आहे.

कोरसाचे सामान्यतः चार भाग असतात: सोप्रानो, आल्टो (स्त्रियांचा खालचा आवाज), टेनर आणि बास. ऐकताना एकदा फक्त बासकडे लक्ष द्यावे आणि पुन्हा ऐकताना फक्त सोप्रानोकडे. आपल्या कानाला एकाच स्वरप्रवाहाची सवय असते, त्यामुळे एकाच वेळी चार ओळी ऐकण्याचा हा सराव सोडू नये.

३. पहिले समूहगान: ‘नाबुक्को’मधला गुलामांचा कोरस

तिसऱ्या अंकातला ‘वा, पेन्सिएरो’ हा कोरस साधारण पाच मिनिटांचा आहे. बॅबिलोनमध्ये बंदिवान झालेले हिब्रू लोक युफ्रेटिस नदीकाठी आपल्या गमावलेल्या भूमीची आठवण काढतात; तेमिस्तोक्ले सोलेरा याने हे शब्द बायबलमधल्या १३७ व्या स्तोत्राच्या आधाराने लिहिले. पुढील क्रमाने ऐकावे.

प्रथम शब्द वाचून घ्या, मग डोळे मिटून ऐका. आरंभी संपूर्ण समूह एकाच स्वरात, दबक्या आवाजात गातो. बहुस्वरी रचना येथे मुद्दाम टाळलेली आहे. अनेक माणसे एकाच माणसासारखी बोलतात, आणि ऐकणाऱ्यालाही त्यांच्याबरोबर सहज गाता येते. नंतर कवींच्या सोनेरी वीणेला उद्देशून ‘आर्पा दोर’ हे शब्द येतात आणि तेथे समूह एकदम मोठ्या आवाजात वेगवेगळ्या स्वरांत फुटतो. ती जागा पकडता आली की या रचनेचे मर्म हाती लागले. शेवट पुन्हा मंद होत जातो. त्यानंतर ध्वनिमुद्रण बंद करू नका. लगेच धर्मगुरू झाकारिया, हा बास, उभा राहून रडणाऱ्यांना झिडकारतो आणि बॅबिलोनच्या विनाशाचे भाकीत सांगतो. निवडक गीतांच्या संग्रहांत हा पुढचा भाग कापलेला असतो, त्यामुळे कोरस केवळ हळवा वाटतो. नाटकात त्याला कठोर उत्तर मिळते.

९ मार्च १८४२ च्या पहिल्या प्रयोगात प्रेक्षकांनी हाच कोरस पुन्हा गायला लावला, अशी कथा सर्वत्र वाचायला मिळते. संशोधकांनी त्या काळची वृत्ते तपासली तेव्हा पुन्हा गायला गेला तो चौथ्या अंकातला प्रार्थनेचा कोरस होता, असे दिसून आले. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहावेत.

४. पहिला पूर्ण ऑपेरा: ‘रिगोलेत्तो’

पहिला पूर्ण ऑपेरा म्हणून मी ‘आईदा’ सुचवत नाही, ‘रिगोलेत्तो’ सुचवते. तीन अंक, सुमारे दोन तासांचे संगीत, मोजकी पात्रे आणि कोठेही न रेंगाळणारी कथा, ही त्याची कारणे. व्हिक्तोर ह्युगोच्या नाटकावरून फ्रान्चेस्को मारिया प्याव्हे याने संहिता रचली. मूळ नाटकातला विलासी फ्रेंच राजा व्हेनिसच्या ऑस्ट्रियन राजवटीतील नियंत्रकांना मान्य होईना, म्हणून त्याचा मांतुआचा ड्यूक झाला. ११ मार्च १८५१ रोजी व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला.

तीन दिवसांत तीन अंक ऐका. या ऑपेरातला कोरस फक्त पुरुषांचा आहे आणि तो दरबाऱ्यांचा आहे. पहिल्या अंकात रिगोलेत्तो त्यांच्यात सामील होऊन इतरांची टिंगल करतो. त्याच अंकाच्या शेवटी तेच दरबारी त्याच्या मुलीला, जिल्दाला, ड्यूकसाठी पळवतात, आणि दुसऱ्या अंकात तो त्यांच्यासमोर आधी संतापतो, मग रडतो, मग गयावया करतो. समूह जवळजवळ गप्प राहतो. एकटा माणूस आणि जमाव यांचे नाते व्हेर्दीने येथे असे उघडे केले आहे की संहितेतला प्रत्येक शब्द कळला नाही तरी काय घडते आहे ते कळते.

तिसऱ्या अंकात तीन जागांवर खूण करून ठेवा. पहिली जागा म्हणजे ड्यूकचे ‘ला दोन्ना ए मोबिले’. जाहिरातींतून हे गीत इतके कानावर पडलेले असते की ते केवळ आनंदी गाणे वाटते. दुसरी जागा म्हणजे चौघांचे गायन: घरात ड्यूक, रिगोलेत्तोने त्यालाच मारण्यासाठी ठरवलेल्या सराईत मारेकऱ्याच्या बहिणीला भुलवतो आहे, बाहेर जिल्दा ते ऐकून कोसळते आहे आणि रिगोलेत्तो सूडाची भाषा बोलतो आहे, चार मनःस्थिती, चार ओळी, एकाच वेळी. त्यानंतर वादळ येते आणि पडद्यामागून पुरुषांचा कोरस शब्दांशिवाय, तोंड मिटून गुणगुणतो. तो वारा आहे. तिसरी जागा शेवटाकडे आहे. रिगोलेत्तोच्या हाती पोते आलेले असते, त्यात ड्यूकचे प्रेत आहे अशी त्याची खात्री असते, आणि तेवढ्यात दुरून ड्यूकचा आवाज तेच सुपरिचित गाणे गात येतो. मग पोत्यात कोण आहे, हा प्रश्न रिगोलेत्तोला आणि आपल्याला एकाच क्षणी पडतो. कथेतला सर्वांत भयंकर क्षण त्याने सर्वांत हलक्या चालीवर ठेवला. म्हणूनच व्हेर्दीची गाणी सुटी सुटी ऐकण्याची सवय मोडावी, असा माझा आग्रह आहे.

५. १८५३ ची जोडी: ‘इल त्रोव्हातोरे’ आणि ‘ला त्राव्हियाता’

‘इल त्रोव्हातोरे’ (रोम, जानेवारी १८५३) ऐकण्यापूर्वी कथासार वाचल्याशिवाय बसू नये. महत्त्वाच्या घटना पडदा उघडण्यापूर्वी किंवा दोन अंकांच्या मध्ये घडून गेलेल्या असतात आणि पात्रे त्या आठवून सांगतात. दुसऱ्या अंकाच्या आरंभीचा ऐरणीच्या ठोक्यांवरचा कोरस प्रसिद्ध आहे, पण चौथ्या अंकातला ‘मिझेरेरे’ अधिक लक्षपूर्वक ऐकावा: आतून भिक्षूंचा कोरस मरणाऱ्यासाठी प्रार्थना करतो, बुरुजातून कैदी टेनरचा आवाज येतो, आणि समोर सोप्रानो एकटी उभी असते. या ऑपेराचे झुबिन मेहता यांनी १९६९ मध्ये केलेले ध्वनिमुद्रण, ज्यात लेओंटीन प्राइस आणि प्लासिदो दोमिंगो आहेत, आरंभासाठी उत्तम आहे.

‘ला त्राव्हियाता’ मार्च १८५३ मध्ये व्हेनिसला पडला आणि पुढच्या वर्षी त्याच शहरात दुसऱ्या नाट्यगृहात उचलला गेला. पहिल्या अंकाच्या आधीचे वाद्यसंगीत नायिका व्हायोलेताच्या आजारपणाचे आहे, आणि तेच तिसऱ्या अंकाच्या आरंभी परत येते. तिसऱ्या अंकात ती पत्र वाचते तेव्हा गात नाही, साधे बोलते. व्हायोलिनवर मात्र जुन्या प्रेमाची चाल चालू असते. काही वेळाने खिडकीबाहेरून कार्निव्हलचा जमाव गात जातो. आतल्या मृत्यूची त्याला जाणीव नाही.

६. मोठे ऑपेरा निवडताना आवृत्ती तपासा

येथे नवे श्रोते हमखास अडकतात. व्हेर्दी आपल्या रचना पुन्हा हाती घेत असे, त्यामुळे एकाच नावाखाली वेगवेगळे ऑपेरा मिळतात. ‘मॅकबेथ’ची १८४७ ची फ्लॉरेन्सची आणि १८६५ ची पॅरिसची अशा दोन आवृत्त्या आहेत, ‘सिमोन बोकानेग्रा’ १८५७ चा वेगळा आणि १८८१ चा वेगळा, ‘दॉन कार्लोस’ १८६७ मध्ये पॅरिसला फ्रेंच भाषेत पाच अंकांत झाला, १८८४ मध्ये मिलानला इटालियनमध्ये चार अंकांत झाला, आणि १८८६ मध्ये वगळलेला पहिला अंक परत घेऊन पुन्हा पाच अंकांत झाला. हातातली संहिता एका आवृत्तीची आणि ध्वनिमुद्रण दुसऱ्या आवृत्तीचे असेल, तर अर्ध्या तासात धागा सुटतो. म्हणून ऐकायला बसण्यापूर्वी अंकांची संख्या, भाषा आणि वर्ष जुळते का ते पाहावे. जुन्या ध्वनिमुद्रणांत कापाकापीही असते. संहितेतल्या ओळी अचानक गायब झाल्या तर तो आपल्या कानांचा दोष नसतो.

‘मॅकबेथ’मधला स्कॉटिश निर्वासितांचा कोरस, ‘पात्रिया ओप्रेस्सा’, दोन्ही आवृत्त्यांत ऐकण्याजोगा आहे. शब्द तेच, संगीत मात्र १८६५ साठी नव्याने लिहिलेले. ‘नाबुक्को’च्या गुलामांनंतर हा ऐकला, तर समूहाचे दुःख लिहिण्यात व्हेर्दीने मधल्या काळात केवढा पल्ला गाठला ते आपोआप उमगते.

‘आईदा’ २४ डिसेंबर १८७१ रोजी कैरोत प्रथम झाला. प्रयोग लांबला तो फ्रान्स आणि प्रशिया यांच्या युद्धामुळे, कारण देखावे आणि पोशाख पॅरिसमध्ये अडकून पडले होते. दुसऱ्या अंकातल्या विजययात्रेसाठी व्हेर्दीने लांब, सरळ कर्णे बनवून घेतले. त्यांचे दोन गट आहेत आणि दुसरा गट तीच चाल वरच्या स्वरावरून उचलतो तेव्हा सगळा प्रवेश उजळतो. एवढेच ऐकून ‘आईदा’ थाटामाटाचा ऑपेरा आहे असे ठरवू नये. तिसरा अंक रात्रीच्या नाईलकाठचा आहे, आणि चौथ्याच्या शेवटी बंद भुयारात दोन माणसे मरत असताना वरून पुजाऱ्यांचा कोरस चालूच राहतो. तो कोरस त्यांच्यापैकी एकाला ही शिक्षा देणाऱ्यांचा आहे.

७. ‘रेक्विएम’: शेवटचा भाग आधी ऐका

लेखक आलेस्सान्द्रो मान्झोनी यांचे २२ मे १८७३ रोजी निधन झाले. व्हेर्दीला त्यांच्याविषयी अपार आदर होता, आणि त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, २२ मे १८७४ रोजी, मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये त्याने स्वतःच्या संचालनाखाली हे ‘रेक्विएम’ सादर केले. चार एकल गायक, मोठा कोरस आणि पूर्ण ऑर्केस्ट्रा यांसाठी ते लिहिलेले असून त्याचे सात भाग आहेत: रेक्विएम आणि किरिए, दिएस इरे, ओफेर्तोरियो, सांक्तुस, आन्युस देई, लुक्स एतेर्ना आणि लिबेरा मे.

शेवटच्या भागाची जन्मकथा सर्वांत जुनी आहे. रोस्सिनी या इटालियन संगीतकाराच्या मृत्यूनंतर १३ संगीतकारांनी मिळून त्याच्या स्मरणार्थ एक ‘मेस्सा’, म्हणजे चर्चच्या प्रार्थनाविधीची संगीतरचना, लिहावी, अशी कल्पना व्हेर्दीने मांडली आणि आपल्या वाट्याचा ‘लिबेरा मे’ १८६९ मध्ये लिहून पूर्ण केला. तो प्रयोग त्या वेळी झालाच नाही. पुढे मान्झोनींसाठी लिहिताना त्याने तेच संगीत सुधारून घेतले. म्हणून मी सांगेन की पहिल्या बैठकीत फक्त ‘लिबेरा मे’ ऐका. सोप्रानो एकाच स्वरावर, जवळजवळ बोलल्यासारखी, सुटकेची याचना करते. कोरस तेच शब्द कुजबुजत उचलतो. न्यायाच्या दिवसाचा कल्लोळ येऊन जातो, आणि मग वाद्ये थांबतात. केवळ मानवी आवाज उरतात, कोरसावर तरंगणारी सोप्रानो अतिशय उंच स्वरावर अगदी हळू पोहोचते. त्यानंतर फ्यूग सुरू होतो, म्हणजे एक आवाज विषय मांडतो आणि बाकीचे एकामागून एक तोच विषय घेऊन आत येतात. शेवटी सोप्रानो पुन्हा आरंभीसारखी एका स्वरावर बोलते. तिच्या याचनेला उत्तर मिळाले की नाही, हे व्हेर्दीने सांगितलेले नाही.

दुसऱ्या बैठकीत पहिले दोन भाग घ्या. येथे एक अगदी व्यवहारी सूचना आहे: आरंभीचे चेलो आणि कोरसाची कुजबुज इतकी मंद आहे की आवाज वाढवण्याचा मोह होतो, आणि मग ‘दिएस इरे’चे चार तडाखे व मोठ्या ढोलाचे घाव कानाला इजा करतील असे येऊन आदळतात. प्रथम ‘दिएस इरे’च्या पहिल्या मिनिटावर आवाज बेताचा ठरवून घ्या, मग सुरुवातीला जा. हा दुसरा भाग एकट्याने अर्ध्या तासाहून मोठा आहे, म्हणून संहितेत त्याचे तुकडे पाडून ठेवावेत. ‘तुबा मिरुम’मध्ये कर्णे रंगमंचाबाहेरून एकमेकांना हाक देतात; स्टिरिओ ऐकण्याची व्यवस्था असेल तर दुरून जवळ येणारे अंतर स्पष्ट कळते. ‘लाक्रिमोसा’ची चाल ‘दॉन कार्लोस’मधून वगळलेल्या एका युगुलगीतातली आहे.

उरलेले भाग तिसऱ्या बैठकीत. ‘सांक्तुस’ हा आठ भागांत विभागलेल्या दुहेरी कोरसाचा वेगवान फ्यूग आहे. त्याच्या लगेच पुढे ‘आन्युस देई’ येतो आणि सोप्रानो व मेझो-सोप्रानो एकच साधी चाल सप्तकाच्या अंतराने, साथीशिवाय गातात. या दोन भागांमधले अंतर मध्ये न थांबता ऐकावे. हे संगीत धार्मिक की नाटकी, असा वाद पहिल्या प्रयोगापासून आहे. मला तो वाद फारसा फलदायी वाटत नाही. मृत्यूची भीती ज्याने घरातच पाहिली होती, त्या माणसाला ती नाटकात एक आणि चर्चमध्ये दुसरी अशी कशी वाटावी?

या रचनेने पुढच्या काळातही माणसांना आधार दिला. नाझींच्या तेरेझिन छळछावणीत १९४३–४४ मध्ये राफाएल शेश्टर याने ज्यू कैद्यांचा कोरस तयार करून, पियानोच्या साथीवर, हे ‘रेक्विएम’ अनेकदा सादर केले. गायक वाहतूक गाड्यांतून मृत्युछावण्यांकडे नेले जात, आणि तो नवे गायक शिकवून पुन्हा उभा राहत असे.

ध्वनिमुद्रण निवडायचे असेल, तर कार्लो मारिया ज्युलीनी यांनी १९६० च्या दशकात फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबर केलेले घ्यावे.

८. अखेरचे दोन ऑपेरा

‘आईदा’नंतर नव्या ऑपेरासाठी सुमारे १५ वर्षे वाट पाहावी लागली. ‘ओतेल्लो’ ५ फेब्रुवारी १८८७ रोजी आणि ‘फाल्स्ताफ’ ९ फेब्रुवारी १८९३ रोजी मिलानच्या ला स्काला येथे झाले. दोन्हींच्या संहिता आरिगो बोइतोने शेक्सपिअरवरून रचल्या. हे दोन पहिल्यांदा ऐकू नयेत, कारण येथे गाणे कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे सांगणे अवघड असते. संगीत बोलण्याच्या वेगाने वाहते. ‘ओतेल्लो’ थेट वादळात उघडतो आणि किनाऱ्यावरचा समूह समुद्रातले जहाज पाहत ओरडतो. मराठी वाचकाला या कथेची ओळख करून घ्यायची असेल तर गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंझारराव’ हाताशी आहे. तेही त्याच मूळ नाटकावरून, त्याच सुमारास लिहिले गेले. ‘फाल्स्ताफ’ फ्यूगवर संपतो, आणि त्यात सर्व पात्रे व कोरस एकमेकांच्या पाठोपाठ येतात.

९. चार धार्मिक रचना

१८९८ मध्ये एकत्र प्रसिद्ध झालेल्या या चार रचना आहेत: आवे मारिया, स्ताबात मातेर, कुमारी मेरीची स्तुती, आणि ते देऊम. पहिली आणि तिसरी साथीशिवाय गायली जातात. तिसरीचे शब्द दान्तेच्या ‘पारादिसो’च्या अखेरच्या सर्गातले असून ती फक्त स्त्रियांच्या आवाजांसाठी आहे.

‘आवे मारिया’ आपल्या कानांना विशेष आवडेल असे मला वाटते. एका विचित्र स्वरपंक्तीला स्वरसंगती लावून दाखवा, असे आव्हान मिलानच्या एका संगीत-नियतकालिकात दिले गेले होते, आणि व्हेर्दीने ते स्वीकारले. षड्ज धरून लिहिली तर तिचा आरोह असा होतो: सा, कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी, शुद्ध नी, सा. अवरोहात तीव्र मध्यमाऐवजी शुद्ध मध्यम येतो. पंचम दोन्हींत नाही. हार्मोनियमवर ही पंक्ती आधी वाजवून बसवा आणि मग रचना ऐका: प्रथम बास ती संथपणे चढतो आणि उतरतो, मग आल्टो, मग टेनर, शेवटी सोप्रानो, एकजण पंक्ती धरतो तेव्हा उरलेले तिघे तिच्याभोवती फिरतात.

‘ते देऊम’ दुहेरी कोरस आणि मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी आहे. आरंभी केवळ पुरुष प्राचीन चर्चगायनाच्या पद्धतीने गातात. शेवटी एवढ्या मोठ्या समूहातून एकच सोप्रानो आवाज बाहेर येतो. सहाव्या-सातव्या टप्प्यापर्यंत जो ताण आपण ऐकत आलो, तो येथे त्याने आयुष्याच्या अखेरीस पुन्हा मांडला आहे.

१०. स्वतः गायचे असेल तर

कोरसात सामील होऊ इच्छिणाऱ्यांनी संपूर्ण स्वरलेखनाऐवजी पियानो-साथीची गायन-प्रत घ्यावी. लॅटिन उच्चार इटालियन पद्धतीने करतात: ‘लुचेआत’, ‘देचेत’, ‘चेली’, ‘एक्शेल्सिस’, ‘आन्युस’. गोव्यातल्या चर्चच्या गायकवृंदात ज्यांचा कान घडला आहे त्यांना हे उच्चार परके वाटणार नाहीत. सर्वांत अवघड असते ते मोठ्याने गाणे नसून अतिमंद गाणे. व्हेर्दीच्या मंद जागी शब्दांची व्यंजने स्पष्ट ठेवावीत आणि शेजारच्या गायकाशी ठरवून आळीपाळीने श्वास घ्यावा, म्हणजे ओळ तुटत नाही.

११. प्रत्यक्ष प्रयोगाला जाताना

भारतातून इटलीला जाणाऱ्यांनी पुढील कागद जवळ ठेवावेत: पासपोर्ट, शेंगेन व्हिसा, तिकिटाची छापील किंवा मोबाइलवरची प्रत आणि तिकिटावरील नावाशी जुळणारे ओळखपत्र. तिकीट नाट्यगृहाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. मध्यस्थांची संकेतस्थळे शोधात वर दिसतात आणि किंमत बरीच जास्त लावतात.

ला स्कालाचा हंगाम दरवर्षी ७ डिसेंबरला सुरू होतो. तेथील कक्षांत मागच्या रांगेतली स्वस्त जागा घेतली तर रंगमंचाचा काहीच भाग दिसतो, म्हणून तिकिटावर दृश्याविषयीची सूचना वाचावी; आसनासमोरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी शब्द वाचता येतात. मिलानमध्येच व्हेर्दीने वृद्ध संगीतकारांसाठी उभारलेले निवासस्थान आहे आणि त्याची समाधी तेथेच आहे. १९०१ मध्ये पार्थिव तेथे हलवले गेले तेव्हा तोस्कानिनीच्या संचालनाखाली शेकडो गायकांनी ‘वा, पेन्सिएरो’ गायले होते. पार्मा येथे शरद ऋतूत व्हेर्दी महोत्सव भरतो.

व्हेरोनाच्या रोमन रंगमंडलात १९१३ साली, त्याच्या जन्मशताब्दीला, ‘आईदा’ने उन्हाळी प्रयोगांची सुरुवात झाली. तेथे प्रयोग उघड्यावर, रात्री उशिरा सुरू होतात आणि मध्यरात्रीनंतर संपतात. दगडी पायऱ्यांचे तिकीट असेल तर बसायला गादी न्यावी, परतीच्या वाहनाची सोय आधी करावी, आणि पावसाने प्रयोग थांबल्यास परताव्याचे नियम काय आहेत ते तिकीट घेतानाच वाचावे.

मुंबईत इटालियन ऑपेराची ये-जा जुनी आहे. फिरत्या इटालियन मंडळीचा प्रयोग पाहून लुकाझिन रिबेरो याने १८९२ मध्ये मुंबईतच पहिला कोकणी तियात्र, म्हणजे गाण्यांसह सादर होणारे नाटक, उभा केला. आज १९११ चे रॉयल ऑपेरा हाऊस नूतनीकरणानंतर २०१६ पासून पुन्हा खुले आहे, आणि नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया कार्यक्रम करतो. दोन्ही ठिकाणांची हंगामी पत्रिका पाहत राहावी. ऑपेरात एखाद्या गीतानंतर टाळ्या वाजवणे रूढ आहे, पण ‘रेक्विएम’मध्ये दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवू नयेत, शेवटचा स्वर संपल्यावरही संचालकाचे हात खाली येईपर्यंत थांबावे.